जुनी जावा, येझदी, बुलेट, राजदूत ३५०: खरी ताकद आणि खरा वेग घरच्या घरी कसा मोजायचा

सिलेंडर बोरिंगला, म्हणजे आतून कापून पुन्हा गोल करायला, टाकून निघताना गिऱ्हाइकाचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: "काका, आता किती पळेल?" वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात ठाण्यातून, कळव्यातून, खाडीपलीकडच्या ऐरोली-कोपरखैरण्यातून जुन्या गाड्यांचे सिलेंडर येतात. प्रत्येकाच्या मनात एक आकडा आधीच पक्का असतो. कुणाचा एकशे वीस, कुणाचा एकशे चाळीस, आणि कुणाच्या मामांनी म्हणे एकशे साठ काढले होते. हा आकडा कशाने मोजला, असं विचारलं की उत्तर येत नाही.

म्हणून मोजायची रीत लिहून काढतोय. मीटरची टेप, खडू, व्हर्निअर, मुलांच्या कंपासपेटीतले दोन कोनमापक, फोन आणि एक मोकळी सकाळ एवढं पुरतं. गाडीत नेमकं कोणतं इंजिन बसलंय, ते किती ताकद देऊ शकतं आणि वेग कुठे जाऊन अडतो, हे त्यातून कळतं. इंजिन उघडायच्या आधी हे सगळं करून ठेवा, म्हणजे काम झाल्यावर फरक पडला की नाही ते आकड्यात दिसेल.

कागदावरचे आकडे आधी वाचायला शिका

आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या जुन्या गाड्या मोजक्याच. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा २५० काढली. १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्यांवर येझदी हे नाव आलं, १९७८ ला रोडकिंग आली आणि १९९६ ला कारखाना थांबला. चेन्नईजवळच्या तिरुवोट्टियूरची बुलेट ३५०. आणि १९८३ पासून एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून बनवलेली राजदूत ३५०.

आता सीसी आणि ताकद शेजारी शेजारी ठेवून बघा. बुलेटचा बोर (सिलेंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जातो ते अंतर) ९० मिमी, एक सिलेंडर, ३४६ सीसी. ताकद १८ बीएचपी, ५६२५ आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे मारतं तेव्हा. राजदूत ३५० चा बोर ६४, स्ट्रोक ५४, दोन सिलेंडर, ३४७ सीसी. त्यातल्या एचटी (हाय टॉर्क) प्रकाराची ताकद साडेतीस बीएचपी, ६७५० आरपीएमला. पुढे मायलेज वाढवायला एलटी (लो टॉर्क) आली, तिची २७ बीएचपी, ६५०० ला. जपानमध्ये निघालेली मूळ आरडी ३५० तर ३९ बीएचपीची होती, ७५०० ला. म्हणजे सीसी जवळजवळ एकच आणि ताकद १८ पासून ३९ पर्यंत. जावा आणि रोडकिंगचंही तसंच. दोघींचा बोर ६५, स्ट्रोक ७५. जावा १२ बीएचपीची, रोडकिंग १६ ची. आणि ५० बाय ५० ची, ९८ सीसीची यामाहा आरएक्स १०० बघा: ११ बीएचपी. जावाच्या निम्म्याहून लहान इंजिन, आणि ताकद जेमतेम एकाने कमी!

याचं कारण असं की ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. इंजिन एका फेऱ्यात किती जोर लावतं आणि मिनिटाला असे किती फेरे मारतं, दोन्ही मिळून बीएचपी होतो. टू स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर स्ट्रोक एक फेरा सोडून. शिवाय लहान स्ट्रोकचं इंजिन जास्त फेरे सोसतं. आरएक्स १०० ची ताकद ७५०० आरपीएमला येते, तिथे जावा कधी पोचतच नाही.

यातून एक उपयोगी हिशेब निघतो. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा आणि ७१२१ ने भागा. उत्तर बीएचपी. कुणी गाडीचे आकडे सांगितले की हा हिशेब करून बघायचा. समजा २५० सीसीच्या एका गाडीची माहिती मिळाली: १६ बीएचपी, ४५०० आरपीएमला, आणि जास्तीत जास्त टॉर्क २४ न्यूटन मीटर. २४ गुणिले ४५०० भागिले ७१२१ म्हणजे सव्वापंधराच्याही आत. जास्तीत जास्त टॉर्क धरूनही १६ होत नाहीत, म्हणजे तीनपैकी एक तरी आकडा चुकीचा आहे. एचटीचे आकडे मात्र या हिशेबात बसतात: ६७५० ला साडेतीस बीएचपी हवे तर टॉर्क लागतो साधारण ३२ न्यूटन मीटर, आणि तेवढा ते इंजिन देतं.

बुलेटवाल्यांसाठी आणखी एक हिशेब, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. पिस्टन सरासरी किती वेगाने वरखाली होतो ते काढायचं: स्ट्रोक मीटरमध्ये, गुणिले दोन, गुणिले आरपीएम, भागिले साठ. राजदूत ६७५० ला पळते तेव्हा तिचा पिस्टन सेकंदाला साधारण बारा मीटर जातो. बुलेट ५६२५ ला पोचते तेव्हा तिचा पिस्टन जवळजवळ सतरा मीटर जातो. संथ, धीरगंभीर वाटणाऱ्या इंजिनातला पिस्टन असा धावत असतो. बुलेटचे अठरा बीएचपी कागदावर आहेत, पण ते सतत काढायला ती गाडी बनलेली नाही. तिचं सुख तीन हजारांच्या आसपास आहे आणि तिथेच तिला ठेवावं. वेगासाठी बुलेट पिळणारे मला बघवत नाहीत.

तुमच्या गाडीत नक्की कोणतं इंजिन आहे?

टाकीवरच्या स्टिकरवर जाऊ नका. साइड पॅनेलवरच्या अक्षरांवर तर मुळीच नाही. या गाड्या तीस-चाळीस वर्षं चालल्यात. कुणी सिलेंडर बदलला, कुणी सायलेन्सर बदलला, कुणी मिळाला तो पिस्टन घातला.

टू स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव सिलेंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, ठरवतात. एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकाची, वरची कड जितकी उंच, तितकी ती लवकर उघडते आणि जास्त वेळ उघडी राहते. अशा इंजिनाला ताकद वरच्या फेऱ्यांत मिळते आणि खालचा जोर कमी होतो. कड खाली असेल तर खालून ओढ चांगली, पेट्रोल कमी, पण वर जाऊन दम संपतो. एकाच बोर-स्ट्रोकच्या दोन इंजिनांत एवढा फरक कसा, याचं उत्तर मुख्यतः इथे असतं. त्याच्या जोडीला सायलेन्सर आणि कार्बोरेटर.

मोजायचं कसं? सायलेन्सरचा पाइप काढा, प्लग काढा. दोन कोनमापक समोरासमोर चिकटवून पूर्ण चकती करा आणि ती क्रँकच्या टोकाला, म्हणजे मॅग्नेटो किंवा अल्टरनेटरच्या रोटरवर, बरोबर मध्ये बसवा. शेजारच्या बोल्टला तार अडकवून तिचं टोक चकतीवर आणा, हा झाला काटा. आता पोर्टमधून टॉर्च मारत क्रँक हळू फिरवा. पिस्टनची वरची कड पोर्टच्या वरच्या कडेखाली सरकली आणि केसाएवढी फट दिसली की काट्याखालचा अंश लिहा. तसंच पुढे फिरवत राहा. पिस्टन वर येऊन ती फट पुन्हा बंद झाली की तो अंश लिहा. मधल्या अंशांचा फरक म्हणजे पोर्ट किती वेळ उघडा राहतो. टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, शोधायची गरजच पडत नाही, म्हणून ही रीत मला आवडते. रस्त्यावरच्या सौम्य टू स्ट्रोकमध्ये हा आकडा साधारण १५० ते १७० अंशांच्या दरम्यान असतो. १९० च्या पुढे गेला तर ते रेसचं काम आहे, आणि गोखले रोडवरच्या संध्याकाळच्या गर्दीत अशी गाडी चालवणं म्हणजे शिक्षा.

हेड काढलेलं असेल तर आणखी सोपं. सिलेंडरच्या वरच्या सपाट तोंडापासून पोर्टच्या वरच्या कडेपर्यंत व्हर्निअरने अंतर घ्या. राजदूत ३५० असेल तर दोन्ही सिलेंडरचं घ्या आणि एकमेकांशी ताडून बघा. कोलशेतचा एक मुलगा आला होता, गाडी एचटी म्हणून घेतलेली. "काका, एका बाजूचा प्लग पांढरा पडतो, दुसरा काळा. कार्बोरेटर तीनदा साफ केला." मी त्याला म्हटलं, "अरे, कार्बोरेटर राहू दे, आधी सिलेंडर दाखव." दोन्ही बाजूंच्या पोर्टची उंची उघड्या डोळ्यांनी वेगळी दिसत होती. दोन वेगळ्या गाड्यांचे सिलेंडर एकत्र बसवलेले. असं इंजिन एचटीही नसतं आणि एलटीही नसतं. जोडीचा सिलेंडर मिळाल्याशिवाय त्याला कितीही ट्यून करा, ते एका पायावरच धावणार.

कडेवर कानशीच्या खुणा दिसतात का तेही बघा. कारखान्यातून निघालेल्या पोर्टची कड ओतीव आणि एकसारखी असते. हाताने वाढवलेल्या पोर्टला चकाकी आणि ओरखडे असतात, कोपरे असमान असतात. विकणारा "थोडं पोर्टिंग केलंय" असं अभिमानाने सांगत असेल तर किती केलंय ते मोजूनच मान्य करा. कापलेली धातू परत येत नाही.

बोर किती वाढलाय तेही लिहून घ्या. पिस्टनच्या माथ्यावर बहुधा ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तो किती मोठा आहे ते, कोरलेला असतो: यामाहाच्या पद्धतीत मिमीमध्ये ०.२५, ०.५०, ०.७५, १.००, बुलेटवाले इंचाच्या हजाराव्या भागात ट्वेंटी ओव्हर, फोर्टी ओव्हर म्हणतात. शेवटच्या ओव्हरला पोचलेला सिलेंडर असेल तर पुढच्या वेळी आत स्लीव्ह (नवी लोखंडी नळी) घालावी लागेल, हे आजच कळलेलं बरं.

साडेतीन बीएचपीने किती फरक पडतो?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्या विरोधातून गाडी ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. ताशी ८० ला जेवढी ताकद वाऱ्यात जाते, त्याच्या जवळजवळ दुप्पट १०० ला जाते. वेग सव्वापट, ताकद दुप्पट.

उलट बाजूने हिशेब करा. एलटीचे २७ आणि एचटीचे साडेतीस, ताकद तेरा टक्के जास्त. घनमूळ काढलं की वेगात फरक पडतो फक्त चार टक्के. एलटी १३५ ला थांबत असेल तर तितकीच निरोगी एचटी १४० च्या आसपास थांबेल. साडेतीसवरून जपानी ३९ वर गेलात तरी वेग वाढतो साडेआठ टक्के. जावाच्या १२ वरून रोडकिंगच्या १६ वर, म्हणजे ताकद एक तृतीयांशाने वाढली, तरी वेग दहा टक्केच वर जातो. जावा शंभराला थांबते, तर रोडकिंग एकशे दहाला.

आणि बोरिंगने? राजदूतचा बोर ६४ चा ६५ केला, म्हणजे शेवटपर्यंत नेला, तर ३४७ सीसीचे ३५८ होतात. तीन टक्के. वेग वाढेल एक टक्का, तोही बाकी सगळं जुळलं तर. बोरिंग वेगासाठी करत नाहीत. झिजलेला, अंडाकृती झालेला सिलेंडर पुन्हा गोल करायला करतात. गेलेलं कॉम्प्रेशन परत आलं की गाडी पळते, आणि श्रेय मोठ्या पिस्टनला मिळतं.

एचटी आणि एलटीतला खरा फरक त्या पाच किलोमीटरमध्ये नाही. तो ओव्हरटेकच्या वेळी कळतो, जेव्हा एचटी वरच्या फेऱ्यांत अचानक जागी होते. माजिवड्याचा पूल चढताना तिसऱ्या गेअरमध्ये ती जे करते ते एलटी करत नाही. पण कळव्याहून ऑफिसला जायचं असेल तर एलटीच जास्त समजूतदार.

लोक म्हणतात उन्हाळ्यात गाडी पळत नाही. हवा तापून विरळ होते, इंजिनाची ताकद घटते हे खरं. पण तीच विरळ हवा समोरून विरोधही कमी करते. टॉप स्पीडला दोन्ही बऱ्यापैकी फिटतात. मे महिन्यात गाडी खरंच मंदावत असेल तर कारण दुसरीकडे शोधा: टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते), पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलेंडरमधली फट).

गेअरिंग: खडू आणि टेपचं काम

इंजिन कितीही चांगलं असलं तरी चेन-स्प्रॉकेट चुकीचं असेल तर वेग मिळत नाही. आणि जुन्या गाड्यांवर मूळ स्प्रॉकेट क्वचितच असतं. दात मोजून, पुस्तकातले गेअर रेशो शोधून हिशेब करता येतो, पण पुस्तक बरोबर आहे आणि गिअरबॉक्स मूळचाच आहे हे कोण सांगणार? त्यापेक्षा थेट मोजा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा. टायरमध्ये योग्य हवा भरा. मागच्या टायरच्या कडेला आणि जमिनीवर खडूची खूण करा. तुम्ही गाडीवर बसा आणि दुसऱ्याला ढकलायला सांगा, कारण माणूस बसला की टायर दबतो आणि घेर कमी होतो. चाकाचे पाच फेरे सरळ रेषेत होऊ द्या, अंतर मोजा, पाचाने भागा. हा चाकाचा खरा घेर.

आता गाडी सेंटर स्टँडवर. प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. टॉप गेअर टाका. राजदूतचं डावीकडचं झाकण उघडलं की रोटर दिसतो, त्यावर खडूची रेघ मारा. जावा-येझदीवर डायनॅमोच्या बाजूचं झाकण काढा. जुन्या बुलेटवर पॉइंटचं झाकण काढलं की पुरतं, फक्त लक्षात ठेवा की तिथला कॅम इंजिनाच्या निम्म्या फेऱ्यांनी फिरतो, म्हणून आकडा दुप्पट करायचा. एकाने मागचं चाक हाताने पुढच्या दिशेला बरोबर दहा फेरे फिरवायचं, बोटं चेनपासून लांब ठेवून, आणि दुसऱ्याने इंजिनाचे फेरे मोजायचे. दहाने भागा. हा झाला टॉप गेअरचा एकूण रेशो, मधलं काहीही न उघडता.

एक उदाहरण. घेर १.९५ मीटर आला, रेशो ६ आला, आणि तुमच्या इंजिनाची ताकद ५००० आरपीएमला शिखरावर असते असं धरा. ५००० भागिले ६ म्हणजे मिनिटाला चाकाचे ८३३ फेरे. गुणिले १.९५ म्हणजे १६२५ मीटर. त्याला ०.०६ ने गुणा: ताशी साडेसत्त्याण्णव किलोमीटर. ही तुमच्या गेअरिंगची मर्यादा. इंजिन शिखराच्या पुढे थोडं ताणलं तर थोडं जास्त मिळेल, पण फार नाही.

मग मोह होतो: पुढचं स्प्रॉकेट एका दाताने वाढवू. सोळाचं सतरा केलं की हिशेबात साडेसत्त्याण्णवचे एकशे साडेतीन होतात. कागदावर. पण सव्वासहा टक्के वेग वाढवायला ताकद वीस टक्के जास्त लागते, तोच घनाचा हिशेब. ती इंजिनात नसेल तर गाडी टॉपमध्ये फेरेच घेणार नाही आणि वेग आधीपेक्षा कमी येईल. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला तुम्हाला सारखा गेअर पाडावा लागत असेल, तर कुणीतरी आधीच हा उद्योग करून ठेवलाय असं समजा. उलट ज्याचं सगळं चालवणं शहरातच आहे त्याने एक दात कमी केला तर गाडी खूप सुखी होते.

स्पीडोमीटरवर विश्वास ठेवण्याआधी

जुना केबलचा स्पीडोमीटर आत अगदी साधा असतो. फिरणारं चुंबक, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, आणि वाटीला मागे ओढणारी केसासारखी स्प्रिंग. चुंबक वर्षांनी कमजोर झालं की काटा कमी दाखवतो. स्प्रिंग ढिली झाली की जास्त दाखवतो. त्यात दुसऱ्या आकाराचा टायर घातला असेल तर तेही मिळतं. मामांचे एकशे साठ बहुतेक त्या स्प्रिंगचे असतात.

फोनवरचा जीपीएस चालेल, पण वेग स्थिर ठेवून दहा-पंधरा सेकंदांनी वाचा, कारण तो थोडा मागे राहतो. फोन हँडलला पक्का बसवा किंवा खिशात ठेवून रेकॉर्ड करा, हातात धरू नका. त्याहून जुनी रीत म्हणजे किलोमीटरचा दगड. नाशिक हायवेवर पडघ्याच्या पुढे पहाटे रस्ता मोकळा असतो. काटा पन्नासवर स्थिर ठेवा आणि मागे बसलेल्याला दोन दगडांमधला वेळ घ्यायला सांगा. ७२ सेकंद लागले तर काटा खरा. ८० लागले तर खरा वेग ४५ च होता.

रस्त्यावर काय तपासायचं

टॉप स्पीड रस्त्यावर काढून बघायचा नाही. हे मी घाबरवायला म्हणत नाही. पाम बीच रोडवर वेगाने किती घरं उद्ध्वस्त केलीत ते नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही मोटरसायकलला जास्तीत जास्त ८० ची परवानगी आहे, आणि स्थानिक पाटी कमी सांगत असेल तर तीच खरी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आणि अटल सेतूवर दुचाकीला प्रवेशच नाही. शिवाय राजदूत ३५० चा विचार करा: जपानी गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे ड्रम आला. ताकद कमी केली तरी ती त्या ब्रेकसाठी पुष्कळच होती.

आणि गंमत म्हणजे ८० च्या आतच सगळं कळतं. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचवर पांढऱ्या टेपच्या खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, टॉप गेअरमध्ये जीपीएसवर ८० धरा आणि मूठ कुठे आहे ते बघा. जी गाडी शंभराला जाऊ शकते तिला ८० ला निम्म्याच्या आसपास ताकद लागते. निरोगी जावा ८० ला अर्ध्या मुठीच्या आगेमागे बसली पाहिजे. पाऊण मूठ लागत असेल तर इंजिन थकलंय, किंवा काहीतरी धरतंय. आधी ब्रेक शू घासतात का, चेन ताठ आहे का, चाकाचे बेअरिंग कसे आहेत ते बघा. इंजिन उघडायची घाई नको.

दुसरी चाचणी: टॉप गेअरमध्ये ४० वर स्थिर राहून पूर्ण मूठ द्या आणि ७० ला पोचायला किती सेकंद लागतात ते घ्या. त्याच रस्त्यावर, उलट दिशेनेही, आणि दोन्हींची सरासरी काढा म्हणजे वारा आणि उतार फिटतात. हा आकडा वहीत लिहून ठेवा. बोरिंग, टायमिंग, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक), काहीही बदललं की पुन्हा हीच चाचणी. इंजिनाचे फेरे चढतायत आणि वेग चढत नाही असं झालं तर क्लच घसरतोय. जावा-बुलेटला टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) नसतो, पण आता रेशो आणि घेर हाताशी आहे: वरच्या उदाहरणातली गाडी ८० ला साधारण ४१०० आरपीएमवर असते.

टू स्ट्रोकवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल. इथेनॉल असलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर तेच मिश्रण पातळ पडतं. शहरात फिरताना जाणवत नाही. लांब सरळ रस्त्यावर मूठ पूर्ण धरून ठेवली की पिस्टन तापतो, फुगतो आणि पकडतो. म्हणून मेन जेट एक पायरी मोठा लावून, पूर्ण मुठीच्या छोट्या धावेनंतर क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग बघा. तपकिरी हवा. पांढरा दिसला तर पुढची धाव नको. लांब पल्ल्यावर डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर असू द्या, आवाज बदलला की लगेच दाबता आला पाहिजे. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. इथेनॉल ओल ओढून घेतं, पाणी तळाला बसतं, आणि ऑइल मिसळलेल्या टाकीत ते आणखी वाईट.

चाचणीआधी टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी दहा वर्षांचं रबर लाकडासारखं कडक असतं. असा टायर असेल तर आधी तो बदला, मोजमाप नंतर.

कागदपत्रं आणि मूळ भाग

तुमची जावा पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, पुनर्नोंदणीची ५ हजार. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. राजदूत ३५० ला अजून वेळ आहे, तोवर तिची साध्या आरसीची मुदत दर पाच वर्षांनी वाढवत राहावं लागतं.

वेगाच्या दृष्टीने त्या नियमातली एक अट महत्त्वाची आहे: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. म्हणजे आज हौसेने पोर्ट कापले, दुसरं इंजिन बसवलं, तर उद्या तीच गाडी त्या नोंदणीत अडकते. जास्त ताकद हवीच असेल तर त्यासाठी दुसरा सिलेंडर शोधा आणि प्रयोग त्याच्यावर करा. मूळ सिलेंडर आतून ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कोरड्या जागी उभा ठेवा. सोबत चिठ्ठीवर बोरचा आकार, पोर्टची उंची आणि शेवटच्या होनिंगची (बोरिंगनंतर आतून घासून गुळगुळीत करण्याची) तारीख लिहा, म्हणजे पुढे ज्याच्या मशीनवर तो चढेल त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागणार नाही.